चहा पिताना आपण कुठे असतो?

‘वर्तमानात जगा’ हा सल्ला माणसाला सहसा नको त्या वेळी मिळतो. रक्तदाब वाढलेला असतो, झोप उडालेली असते, ऑफिसात कुणाशी तरी बिनसलेलं असतं, आणि मग कुणीतरी सांगतं, रोज वीस मिनिटं डोळे मिटून बस. बसलं की पाचव्या मिनिटाला पायाला मुंग्या येतात आणि ज्या विचारांपासून सुटायचं होतं तेच समोर येऊन बसतात. ‘आपल्याला नाही बुवा जमत’ म्हणून माणूस उठतो तो परत त्या वाटेला जात नाही.

मला वाटतं, सुरुवातच चुकीच्या टोकाने होते. त्रासाच्या वेळी मन हजर ठेवणं हे या विषयातलं सगळ्यात अवघड काम आहे. सोपं टोक दुसरीकडे आहे. सकाळचा चहा, कुंड्यांना पाणी घालणं, जेवणानंतरची शतपावली, रविवारी डोक्याला तेल चोळून घेणं, अशा दिवसातल्या दोन-चार गोष्टी कुणी न सांगता आपण करतो, कारण त्या आवडतात. तिथे मनाला ओढून आणायचं नसतं, ते निम्मं आलेलंच असतं. या लेखात उदाहरण म्हणून मी चहा घेते आहे. कॉफीवाल्यांनी कॉफी समजावी, तेवढा बदल करून वाचलं तरी काही बिघडत नाही.

आधी थोडं मूळ पाहू. सजगता किंवा माइंडफुलनेस म्हणजे जे चाललं आहे ते चालू असतानाच जाणवणं, आणि त्यावर लगेच शेरा न मारणं. विचार बंद पाडणं असा तिचा अर्थ नाही, ते कुणालाच जमत नाही. ही कल्पना जुनी आहे. पाली भाषेतल्या सतिपट्ठान सुत्तात, म्हणजे सजगतेवरच्या जुन्या बौद्ध प्रवचनात, चालताना, वळताना, खाताना, पिताना, चव घेताना पूर्ण भान ठेवावं असं सांगितलं आहे, अगदी शौचाच्या वेळीसुद्धा. म्हणजे रोजच्या साध्या क्रिया या साधनेत सुरुवातीपासूनच आहेत, आधुनिक लोकांनी सोयीसाठी त्या नंतर घुसडलेल्या नाहीत. आपल्याकडे इगतपुरीच्या धम्मगिरीवर सत्यनारायण गोयंकांच्या परंपरेतली विपश्यना शिबिरं १९७६ पासून भरतात. अमेरिकेत जॉन कबात-झिन या रेण्वीय जीवशास्त्रज्ञाने १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात, जुनाट दुखण्यांनी हैराण झालेल्या रुग्णांसाठी काही आठवड्यांचा कार्यक्रम सुरू केला. त्यातला प्रसिद्ध झालेला धडा म्हणजे एक बेदाणा. तो तळहातावर घ्यायचा, त्याच्या सुरकुत्या बघायच्या, वास घ्यायचा, जिभेवर ठेवायचा आणि मग सावकाश चावायचा. शिऱ्यात मूठभर बेदाणे घालून खाणाऱ्याला हे हास्यास्पद वाटेल. पण एकच बेदाणा असा खाऊन बघितला तर बऱ्याच जणांच्या लक्षात येतं की आजवर बेदाण्याची चव आपण गृहीतच धरली होती.

मन जातं कुठे

हार्वर्डचे मॅथ्यू किलिंग्जवर्थ आणि डॅनियल गिल्बर्ट यांनी २०१० मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात एक अभ्यास छापला. २,२५० प्रौढांच्या फोनवर दिवसभरात अवचित विचारणा व्हायची: आत्ता काय करताय, लक्ष त्यातच आहे की दुसरीकडे, आणि कसं वाटतंय? जवळपास ४७ टक्के वेळा उत्तर आलं की लक्ष दुसरीकडे आहे. लक्ष दुसरीकडे असताना लोक कमी आनंदी होते. यातली खरी मजेशीर बाब पुढे आहे. मन एखाद्या सुखद विचारात रमलं होतं तेव्हासुद्धा लोक हातातल्या कामात लक्ष असणाऱ्यांपेक्षा जास्त आनंदी नव्हते. विचार साधा किंवा अप्रिय असला तर मात्र आनंद घसरलेला दिसला. आणि माणूस काय करतोय यापेक्षा त्याचं मन त्यात आहे की नाही, यावरून त्याच्या त्या क्षणीच्या आनंदाचा अंदाज जास्त चांगला बांधता येत होता. हे सगळे आयफोन बाळगणारे, बहुतेक अमेरिकन लोक होते, त्यामुळे तो आकडा जसाच्या तसा आपल्या घरात आणायचं कारण नाही. पण निम्मा नसला तरी बराचसा चहा आपण गैरहजेरीत पितो, हे मान्य करायला संशोधन तरी कशाला हवं?

या गैरहजेरीची कारणं मेंदूच्या कामकाजातच आहेत, त्यात आपल्या आळशीपणाचा भाग थोडा. पहिलं कारण सवय. एमआयटीतल्या ॲन ग्रेबील आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांना इंग्रजी टी आकाराच्या वाटेवर धावायला शिकवलं, शेवटी बक्षीस म्हणून खाऊ. वाट नवीन असताना मेंदूच्या आतल्या भागातल्या पेशी धावणं संपेपर्यंत कामात असत. वाट अंगवळणी पडल्यावर त्या पेशी सुरुवातीला आणि शेवटी जोरात चालत आणि मधल्या टप्प्यात जवळजवळ गप्प होत. मेंदूने धावण्याचा एक गठ्ठा बांधून टाकला होता. उंदराची गोष्ट सरळ आपल्या चहाला लावणं शास्त्राला धरून होणार नाही. तरीपण आपला अनुभव आठवून बघा: पहिला घोट लक्षात राहतो, तळाशी आलेला गाळ लक्षात राहतो, मधला कप कुणी प्यायला हेच सांगता येत नाही.

दुसरं कारण असं की मेंदू रिकामा कधी नसतो. वॉशिंग्टन विद्यापीठातले मार्कस राइकल आणि त्यांच्या गटाने २००१ मध्ये दाखवलं की माणसाला ठरावीक काम नसतं तेव्हाही मेंदूचे काही भाग मिळून कामाला लागलेले असतात. बाई वर्गाबाहेर गेल्या की पोरं जशी आपापल्या गप्पा सुरू करतात, तसं हे जाळं मोकळ्या वेळी काल काय झालं, उद्या काय होणार, तो मला असं का म्हणाला, असल्या विषयांवर बोलत सुटतं. मेंदूचं वजन शरीराच्या दोन टक्के आणि ऊर्जेचा खर्च वीस टक्क्यांच्या आसपास. चहा करायला डोकं चालवावं लागत नाही, म्हणून त्या वेळी या गप्पांना मोकळं रान मिळतं.

तिसरं कारण नाकाजिभेचं. एकसारखी येणारी संवेदना थोड्या वेळात फिकी पडते. पाहुण्यांना आपल्या घराचा वास येतो, आपल्याला येत नाही, तो याचमुळे. पहिल्या घोटातलं आलं जसं झोंबतं तसं सहाव्या घोटातलं झोंबत नाही, चहा तोच असला तरी.

कपात नेमकं लक्ष कुठे द्यायचं

‘चहा मन लावून प्या’ एवढं सांगून काही होत नाही. मन लावायला काहीतरी नेमकं हवं, आणि चहात ते भरपूर आहे. आधण ठेवल्यावर पातेल्याच्या तळाशी आधी बारीक बुडबुडे धरतात, मग आवाज वाढतो, आणि उकळी फुटायच्या जरा आधी तो आवाज खाली येतो. खलबत्त्यात आलं ठेचलं की पहिला वास उग्र असतो, पाण्यात गेल्यावर तो निवळतो. गवती चहा असेल तर त्याचा वास वाफेबरोबर आधी येतो. दूध घातल्यावर रंग बदलतो तो क्षण, उतू जायच्या बेताला आलेला चहा, गाळणीतून पडणारी धार. यातलं एक काहीतरी धरावं, सगळं पकडायला गेलं की त्याचंच ओझं होतं.

पिताना वासाकडे लक्ष देणं मला सगळ्यात उपयोगी वाटतं. आपण ज्याला चव म्हणतो तिचा मोठा भाग वास असतो. घोट घेतल्यावर घशामागून वाफ नाकात चढते आणि तिथे वेलची, आलं, चहाची पत्ती वेगवेगळी कळते. जिभेला एकटीला गोड, आंबट, खारट, कडू, तुरट असं मोजकंच सांगता येतं. म्हणून सर्दीत चहा नुसता गरम गोड पाणी लागतो. आजोबा बशीत ओतून फुर्र करून चहा पीत आणि आई डोळे वटारत असे, असं अनेक घरांत झालं असेल. आजोबांचं शास्त्र बरोबर होतं. चहाच्या मळ्यांत आणि लिलावाच्या ठिकाणी चव तपासणारे व्यावसायिक चमचाभर चहा मोठ्याने फुरका मारूनच ओढतात, कारण हवेबरोबर ओढलेला चहा तोंडभर पसरतो आणि वास नाकापर्यंत नीट पोचतो.

आणखी एक गंमत. पहिल्या घोटाला येणारी तरतरी कॅफीनची म्हणावी तर हिशेब जुळत नाही. रक्तातलं कॅफीन पुरतं चढायला साधारण अर्धा-पाऊण तास लागतो. पहिल्या घोटाचं सुख उष्णतेचं, वासाचं आणि वर्षानुवर्षांच्या ओळखीचं आहे. म्हणजे ते लक्ष दिलं तरच मिळणारं आहे. कॅफीन आपलं काम तुम्ही मोबाइलमध्ये असलात तरी करेल.

आता, मन सटकणारच. दुसऱ्या घोटाला गॅसचा सिलिंडर आठवेल, तिसऱ्याला मुलाची फी. इथे बहुतेक लोक स्वतःवर चिडतात आणि खेळ बिघडतो. अमेरिकेतल्या एमरी विद्यापीठात २०१२ मध्ये १४ अनुभवी ध्यानसाधकांचे मेंदू स्कॅनरमध्ये पाहिले गेले. श्वासाकडे लक्ष देताना त्यांचंही मन भटकत होतं. भटकणं, भटकलो हे लक्षात येणं, परत वळणं आणि थोडा वेळ टिकणं, असं चक्र फिरत राहत होतं आणि दर टप्प्याला मेंदूचे वेगळे भाग पुढे येत होते. सरावलेल्या माणसाची ही गत, तर आपलं काय. ‘अरे, सिलिंडर!’ हे लक्षात येण्याचा क्षण हाच या सरावाचा गाभा आहे. तिथून कपाकडे परत यायचं, एवढंच काम. सिलिंडरचा फोन करायचाच असेल तर कागदावर लिहून ठेवावं, मन जरा लवकर सोडतं.

मधल्या कपासाठी एक युक्ती आहे. अर्ध्यावर आल्यावर कप खाली ठेवायचा आणि थोडं थांबायचं. लीफ नेल्सन आणि टॉम मेव्हिस या संशोधकांनी २००८ मध्ये दाखवलं की मसाजसारख्या सुखद गोष्टीत मध्ये खंड पडला तर एकूण मजा वाढते, जरी लोकांना आधी विचारलं तर ते म्हणतात खंड नको. थांबल्यामुळे फिकी पडलेली संवेदना थोडी ताजी होते.

मजा येतेय ना?

या सगळ्यातला फसवा भाग इथे आहे, आणि सजगतेवरच्या बहुतेक उपदेशांत तो सुटतो. चहाकडे लक्ष देणं आणि ‘मला चहाची मजा येते आहे का’ याकडे लक्ष देणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीने आनंद वाढतो, दुसरीने तो पळतो.

जोनाथन स्कूलर, डॅन एरिएली आणि जॉर्ज लोवेनस्टाइन यांनी २००३ मध्ये एक प्रयोग मांडला. लोकांना स्ट्राविन्स्की या रशियन संगीतकाराचं संगीत ऐकवलं. काहींना नुसतं ऐकायला सांगितलं, काहींना ऐकताना आनंदी होण्याचा प्रयत्न करा म्हणून सांगितलं, काहींना आपण किती आनंदी आहोत हे सतत मोजायला सांगितलं. प्रयत्न करणाऱ्यांचा आणि मोजणाऱ्यांचा आनंद नुसतं ऐकणाऱ्यांपेक्षा कमी भरला. हे कळलं की बरीच कोडी सुटतात. सुट्टीला महाबळेश्वरला गेलेलं कुटुंब ‘मजा करायचीय’ म्हणून सकाळपासून धावपळ करतं आणि संध्याकाळी भांडतं, ते याच जातीचं. सजगतेचं ॲप घेऊन रोजची हजेरी लावणारे लोक पाहिले की मला हीच शंका येते. चहाची परीक्षा सुरू झाली की चहा राहतो बाजूला.

फरक ओळखायची खूण सोपी आहे. मनातलं वाक्य कपाबद्दल असेल, म्हणजे गरम आहे, आलं जास्त झालंय, वाफ चष्म्यावर आली, तर ठीक चाललं आहे. वाक्यात ‘मी’ शिरला, म्हणजे मी किती शांत झालोय, मला हवं तसं वाटत का नाहीये, की समजावं आपण कपातून बाहेर पडलो. शिकागोच्या लोयोला विद्यापीठातले फ्रेड ब्रायंट लोक चांगल्या गोष्टींचा रस कसा घेतात याचा अनेक वर्षं अभ्यास करत आले आहेत. त्यांच्या यादीत इतरांना सामील करून घेणं, इंद्रियांनी नीट टिपणं, आठवणीत साठवणं अशा रस वाढवणाऱ्या गोष्टी आहेत, आणि एक रस घालवणारीही आहे: चालू सुखावर विरजण घालणारा विचार. ‘हे संपणारच आहे’, ‘मागच्या वेळी जास्त चांगलं होतं’, ‘मी या वेळात दुसरं काही करायला हवं होतं’. आपल्या घरांमध्ये हे विरजण लहानपणापासून पाजलं जातं. फार हसू नकोस, मग रडशील, हे वाक्य कुणी ऐकलं नाही?

फोनबद्दल सगळेच बोलतात, म्हणून थोडक्यात. ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१८ मध्ये तीनशेहून जास्त लोकांवर केलेल्या अभ्यासात, मित्र किंवा घरच्यांबरोबर जेवताना फोन टेबलावर असलेल्यांना जेवणाची मजा थोडी कमी आली. थोडीच, पण कमी. लायडेन विद्यापीठातलं २०१३ चं काम मला जास्त बोलकं वाटतं. लोकांना आकडे लक्षात ठेवायला सांगून चाखायला दिलं. डोक्यात मोठा आकडा घोळत असताना गोड, आंबट, खारट सगळं फिकं लागलं आणि लोकांनी जास्त तीव्र चव मागितली. हिशेब करता करता चहा प्यायलो की साखर कमी वाटते, ती अशी. फोटोंबाबत मात्र सरसकट बंदी घालू नये. २०१६ मधल्या एका संशोधनात फोटो काढणाऱ्यांचा आनंद वाढलेला दिसला, कारण काय टिपायचं हे शोधताना त्यांचं लक्ष समोरच्या गोष्टीत गुंतलं. फोटो काढून झाल्यावर तो कुठे टाकायचा आणि कोण काय म्हणेल, हा पुढचा प्रवास वेगळा.

एक गोष्ट मात्र कुठल्याही प्रयोगाशिवाय दिसते. अनेक घरांत चहा करणारी बाई स्वतःचा चहा ओट्यापाशी उभ्याने, गार झालेला पिते, कारण तोवर कुणाला डबा हवा असतो, कुणाचा मोजा सापडत नसतो. तिला ‘क्षणात राहा’ सांगणं म्हणजे चेष्टा आहे. तिच्यासाठी सजगतेचा पहिला धडा बाकीच्यांनी गिरवायचा असतो: उठून एक कप करून तिच्या हातात द्यायचा.

थोडं सोडून बघणं

रोजच्या सुखाची धार बोथट होते त्यावर आणखी एक उपाय आहे, तो आपल्या पंचांगात बसलेला आहे. जॉर्डी क्वाडबाख आणि एलिझाबेथ डन यांनी २०१३ मध्ये लोकांना चॉकलेट खायला दिलं आणि तीन गट केले. एकाने आठवडाभर चॉकलेट अजिबात खायचं नाही, दुसऱ्याने हवं तितकं खायचं, तिसऱ्याला काहीच सांगितलं नाही. आठवड्याने परत चॉकलेट दिलं तेव्हा सोडलेल्यांना ते सगळ्यात जास्त आवडलं. आपल्याकडे कित्येक घरांत कांदेनवमीला कांद्याची मनसोक्त भजी होतात, मग चातुर्मासात कांदा-लसूण-वांगी बंद, आणि मार्गशीर्षात चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवून वांग्याची पुन्हा सुरुवात. ही प्रथा धार्मिक आहे, तिच्यामागे मानसशास्त्राचा हेतू शोधत बसायला मी तयार नाही. पण चार-पाच महिन्यांनी खाल्लेल्या त्या भरिताकडे कुणाचं लक्ष नसतं असं होत नाही, एवढं नक्की. चहाबाबत आठवड्यातला एक दिवस पुरतो. कॅफीनची सवय घट्ट असेल तर त्या दिवशी डोकं दुखू शकतं, तेव्हा एकदम सोडण्यापेक्षा दिवसातला एक कप गाळावा.

जेवणाआधी श्लोक म्हणणं, ताटाभोवती पाणी फिरवून चित्राहुती घालणं, यांचाही एक परिणाम असाच: हात आणि तोंड यांच्यामध्ये थोडा थांबा येतो. अर्थात शाळेच्या डब्याच्या सुट्टीत तो श्लोक ज्या वेगाने संपवला जायचा तो पाहता, सवयीचा गठ्ठा श्लोकाचाही बांधला जातो.

मर्यादाही सांगायला हव्यात. शरीराकडे आणि श्वासाकडे फार बारीक लक्ष दिल्याने काही लोकांची घबराट वाढते. ब्राउन विद्यापीठातल्या विलोबी ब्रिटन यांनी ध्यानाच्या अशा त्रासदायक परिणामांवरच काम केलं आहे. जुना आघात किंवा घबराटीचे झटके असतील तर तज्ज्ञाशी बोलून पुढे जावं, आणि लक्ष आत नेण्यापेक्षा बाहेर, कपाच्या रंगावर, खिडकीतल्या आवाजावर ठेवणं बरं. खोल नैराश्यात तर आवडीच्या गोष्टीच बेचव होतात. तिथे चहा पुरत नाही, डॉक्टर लागतो.

आणि सगळी आवडीची कामं सजगतेला वाहून टाकायचीही गरज नाही. मनाचं भटकणं हा रोग नव्हे. उद्याचं नियोजन, जुन्या गोष्टींची संगती, एखादी अडलेली ओळ सुचणं, हे त्याच मोकळ्या गप्पांमधून होतं. माझी विभागणी अशी आहे: सकाळचा पहिला कप आणि कुंड्यांचं पाणी लक्ष देऊन, आंघोळ मात्र मनाला मोकाट सोडून. दुसरा कप बहुधा कामाच्या टेबलावर, कागद चाळत, आणि तो कसा लागला हे मला दुपारपर्यंत सांगता येत नाही.